शिकागोचे चार दिवस

अमेरिकेतल्या बंदूकहक्कवाद्यांची एक तक्रार इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्या माणसांनी मांडली आहे की आता ती तक्रार न राहता वस्तुस्थितीच समजली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे असे सांगितले, २०१० साली तो राज्यांवर आणि शहरांवर बंधनकारक केला, २०२२ साली घराच्या उंबरठ्याबाहेरही नेला. तरी गावोगावच्या बंदूकबंद्या उठत नाहीत आणि त्यांच्याविरुद्धचे खटले दहा-दहा वर्षे चालतात. याचे कारण म्हणे एकच, की खालच्या न्यायालयांतल्या न्यायाधीशांना हा हक्क मनातून मान्य नाही आणि म्हणून ते फायलींवर बसून राहतात. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी २०१८ साली हाच रोख धरला होता. बंदूक विकत घेतल्यावर ताब्यात मिळण्यापूर्वी दहा दिवस थांबायला लावणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या नियमाविरुद्धची याचिका न्यायालयाने घेतली नाही, तेव्हा आपल्या भिन्नमतपत्रिकेत त्यांनी हा हक्क देणारी घटनेची दुसरी दुरुस्ती न्यायालयाने पोरकी करून टाकल्याचा ठपका ठेवला.

हा पूर्वपक्ष हलका नाही. राजधानी वॉशिंग्टनची पिस्तूलबंदी १९७६ ची, ती पडली २००८ मध्ये. शिकागोची १९८२ ची, ती पडली २०१० मध्ये. घराबाहेर शस्त्र नेण्यासाठी खास कारण दाखवायला लावणारी न्यूयॉर्कची अट १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून चालत आलेल्या परवाना-पद्धतीतली, तिला २०२२ उजाडावे लागले. लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलींवरची बंदी घटनेत बसते की नाही, या प्रश्नावर तर सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्येही सुनावणी घेतली नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे अमेरिकेतल्या बंदूकधारकाला कोणी शिकवायला नको.

उशीर झाला हे मान्यच आहे. तो न्यायाधीशांच्या आकसामुळे झाला, हे मात्र खटल्यांच्या कागदपत्रांतून निघत नाही. आकसाचा पुरावा म्हणून ज्या तारखा दाखवल्या जातात त्याच ओळीने लावून पाहिल्या तर दोषाचा मोठा वाटा दुसरीकडे जातो. थोडा घटनेच्या रचनेकडे, बराचसा नगर परिषदांच्या लेखणीकडे आणि काही खुद्द तक्रारदारांकडे. (बंदुकीबद्दल मला ममत्व नाही, हे इथेच सांगून टाकतो. पण एखादा पक्ष आवडत नाही म्हणून त्याच्याविषयीचे निदान ढिले ठेवावे असे नाही, आणि इथे निदान त्याच पक्षाने चुकवले आहे.)

घड्याळ कुठून सुरू करायचे, इथूनच घोटाळा होतो. राजधानीतली बंदी बत्तीस वर्षे टिकली असे म्हणणारे हे सांगत नाहीत की दुसऱ्या दुरुस्तीच्या पायावर उभा केलेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यायचाच अशा तयारीने आखलेला दावा २००३ पर्यंत कोणी आणलाच नव्हता. न मागितलेली दाद न्यायालयाने दिली नाही, याला विलंब म्हणता येत नाही.

शिकागोबाबत हिशोब आणखी चुकतो, आणि भारतीय वाचकाच्या ते चटकन ध्यानात येणार नाही. आपले मूलभूत हक्क २६ जानेवारी १९५० रोजी केंद्र, राज्ये, महापालिका, ग्रामपंचायती या सगळ्यांवर एकदमच लागू झाले. अमेरिकेत तसे घडले नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये, बॅरन विरुद्ध बाल्टिमोर या खटल्यात, घटनेतले हक्कपत्र फक्त संघसरकारला बांधते असे ठरवले. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली आणि तिच्या आधाराने एकेक हक्क सुटा सुटा राज्यांवर लागू होत गेला. भाषणस्वातंत्र्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आरोपींचे बहुतेक हक्क साठच्या दशकात. शस्त्रांच्या हक्कापुढे मात्र १८७६ चा क्रुइकशँक आणि १८८६ चा प्रेसर असे दोन जुने निकाल आडवे पडले होते. म्हणजे २८ जून २०१० पर्यंत शिकागोची बंदी दुसऱ्या दुरुस्तीचा भंग करते असे म्हणण्याची मुभा खालच्या न्यायाधीशाला नव्हतीच. सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयात फ्रँक ईस्टरब्रुक यांनी जून २००९ मध्ये ती बंदी राखली तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. पण त्यांनी पाळली ती न्यायालयीन उतरंडीची शिस्त. सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल कितीही डळमळीत दिसला तरी तो बाजूला सारायचा तर त्याच न्यायालयाने. सुमारे वर्षभराने त्या न्यायालयाने तो सारला.

आणि तो दावा किती वेळात वर गेला? राजधानीची बंदी उठवणारा हेलर निकाल २६ जून २००८ ला लागला, त्याच दिवशी शिकागोत ओटिस मॅकडॉनल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी दावा दाखल केला. मॅकडॉनल्ड निवृत्त, कृष्णवर्णीय, मॉर्गन पार्क वस्तीतले, घरफोड्यांना कंटाळलेले. खालून वरपर्यंत जाऊन त्यांच्या बाजूने निकाल लागायला दोन वर्षे आणि दोन दिवस लागले. जमिनीच्या वाटणीचा दावा आजोबांनी घालून नातवाने चालवल्याची उदाहरणे ज्या देशात घरोघर सापडतात तिथल्या माणसाने याला रखडणे म्हणणे अवघड आहे.

घाईने काय साधते तेही त्याच परिसरात पाहायला मिळते. शिकागोच्या उत्तरेकडच्या मॉर्टन ग्रोव्ह या उपनगराने जून १९८१ मध्ये पिस्तुलांवर सरसकट बंदी घातली. अमेरिकेतल्या गावांत हा प्रकार नवीन होता आणि त्याचा गाजावाजाही भरपूर झाला. जॉर्जियातल्या केनेसॉ गावाने उलट टोक गाठून प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात बंदूक ठेवलीच पाहिजे असा नियम पुढच्या वर्षी केला. मॉर्टन ग्रोव्हविरुद्ध लगेच दावे पडले. वर्ष संपायच्या आत जिल्हा न्यायालयाने, डिसेंबर १९८२ मध्ये अपील न्यायालयाने बंदी राखली आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका नाकारली. सव्वादोन-अडीच वर्षांत सगळा निकाल लागला, आणि तो विरुद्ध लागला. तेव्हा कायद्याच्या अभ्यासकांतच दुसरी दुरुस्ती व्यक्तीला हक्क देते असे मानणारे थोडे होते; १९३९ चा मिलर निकाल, हा हक्क नागरी सेनेपुरता आहे, अशा अर्थाने वाचला जात होता. त्या घाईने हाती काय आले, तर पुढची सत्तावीस वर्षे सातव्या सर्किटला पुरलेला एक प्रतिकूल दाखला. शिकागो आणि इव्हॅन्स्टन यांनी १९८२ मध्ये, ओक पार्कने १९८४ मध्ये मॉर्टन ग्रोव्हचीच वाट धरली.

राजधानीचा दावा ज्यांनी २००३ मध्ये आणला त्यांनी हा धडा गिरवला होता. त्यासाठी पैसा पुरवणारे वकील रॉबर्ट लेव्ही यांच्याकडे स्वतःची बंदूकही नव्हती. त्यांनी आणि क्लार्क नीली, ॲलन गुरा यांनी सहा अशील पारखून निवडले. सगळ्यात मोठा अडथळा आला तो नॅशनल रायफल असोसिएशनकडून. जगभर जिला बंदुकीची ढाल समजतात ती संघटनाच हा दावा नको म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयात पाच मते मिळतील याची तिला खात्री नव्हती. तिने स्वतःचा वेगळा दावा आणला आणि दोन्ही दावे एकत्र करण्याचा खटाटोपही करून पाहिला. अपील न्यायालयाने सहांपैकी पाच जणांना बाहेर काढले. एकट्या डिक हेलर यांनी परवान्यासाठी अर्ज करून नकार पदरात पाडून घेतला होता, म्हणून दाद मागण्याचा अधिकार त्यांचा एकट्याचा ठरला. याला कोणी तांत्रिक खुसपट म्हणेल. पण प्रत्यक्ष इजा झालेल्या माणसाशिवाय खटला नाही, हा अमेरिकन संघीय न्यायालयांचा पायाच आहे आणि तो बंदुकीसाठी मुद्दाम खणलेला नाही. दरम्यान २००६ मध्ये सँड्रा डे ओ’कॉनर यांच्या जागी सॅम्युएल अलिटो आले. हेलरचा निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. हाच दावा तीन वर्षे आधी वर पोचला असता तर काय झाले असते, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, पण असोसिएशनची धास्ती खुळी नव्हती. एवढी संथ पावले कोणी टाकली? जिंकणाऱ्यांनीच, आणि जाणूनबुजून.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

मॅकडॉनल्ड निकाल २८ जून २०१० चा. शिकागोच्या नगर परिषदेने नवा कायदा मंजूर केला २ जुलैला, पंचेचाळीस विरुद्ध शून्य मतांनी. मध्ये चार दिवस. पिस्तुलावरची सरसकट बंदी गेली, पण तिच्या जागी जे आले ते वाचण्यासारखे आहे. परवाना हवा असेल तर नेमबाजीच्या मैदानावर प्रत्यक्ष गोळ्या झाडून प्रशिक्षण घेतले पाहिजे, आणि शहराच्या हद्दीत नेमबाजीचे मैदान चालवायला मनाई. शस्त्र घरात ठेवता येईल, मात्र ओसरी, अंगण आणि गॅरेज म्हणजे घर नव्हे. चालू स्थितीतली बंदूक घरात एकच. आणि शहरात बंदुका विकण्याचे दुकान नाही. ज्याने हे लिहिले त्याचे कसब मानावेच लागेल, कारण निकालातले एकही वाक्य त्याने थेट मोडलेले नाही.

यातल्या प्रत्येक अटीसाठी आता वेगळा दावा. मैदानबंदीविरुद्धचा ईझेल खटला ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाला. ६ जुलै २०११ रोजी सातव्या सर्किटने, न्यायाधीश डायेन साइक्स यांच्या लेखणीने, अंतरिम मनाई दिली. परिषदेने त्याच दिवशी, हो, त्याच दिवशी, बंदी उठवून नवे नियम केले: मैदाने चालतील, पण फक्त औद्योगिक पट्ट्यात, शाळा-बागा-वस्तीपासून ठरावीक अंतरावर, आणि अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. मग दुसरा ईझेल खटला. त्याचा निकाल लागला जानेवारी २०१७ मध्ये, पुन्हा शहराविरुद्ध. विक्रीवरची बंदी जानेवारी २०१४ मध्ये पडली आणि त्याच वर्षी परिषदेने दुकानांवर जागेच्या व चित्रीकरणाच्या कडक अटी घातल्या.

इथे आकस कुठे दिसतो? सातव्या सर्किटने शिकागोला एकामागून एक हरवले. रिचर्ड पोस्नर यांनी डिसेंबर २०१२ मध्ये इलिनॉयची घराबाहेर शस्त्र नेण्यावरची संपूर्ण बंदी रद्द केली आणि विधिमंडळाला कायदा करायला एकशे ऐंशी दिवस दिले. सर्वोच्च न्यायालय तोच निष्कर्ष काढणार होते दहा वर्षांनी. पोस्नर तर हेलर निकालाचे जाहीर टीकाकार. न आवडणारा निकाल पाळून त्याच्या पुढचे पाऊल टाकणाऱ्या न्यायाधीशावर हक्क दाबल्याचा आरोप कसा ठेवणार? उशीर झाला तो दुसऱ्याच कारणाने. परिषदेला नवा कायदा लिहायला चार दिवस पुरतात. तो पाडायला अशील, अर्ज, नकार, दावा, पुरावे, अंतरिम हुकूम, अपील या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. न्यायालय खोडू शकते, लिहू शकत नाही. आणि खोडलेल्या जागी पुन्हा लिहिण्याचा हक्क हरलेल्याकडेच राहतो.

आपल्या सवयीमुळे हे आपल्याला विचित्र वाटते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा खटल्यात, कायदा नव्हता तिथे, देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे स्वतःच घालून दिली. राष्ट्रपती एखादा कायदेशीर प्रश्न १४३ व्या कलमाखाली थेट न्यायालयाला विचारू शकतात. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनाही १७९३ मध्ये असा सल्ला द्यायला नकार दिला होता, आणि ती प्रथा तेव्हापासून मोडलेली नाही. मैदान किती फुटांवर चालेल, परवान्याला किती तासांचे प्रशिक्षण वाजवी, याचे उत्तर ते न्यायालय आगाऊ देत नाही. गंमत अशी की न्यायालयाने असे कायदे लिहू नयेत, हा आग्रह सर्वांत जोराने धरणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया. आणि हेलर निकाल त्यांचाच.

शहरांची ही चाल राजधानीतही दिसते. हेलर जिंकले आणि जुलै २००८ मध्ये आपले पिस्तूल नोंदवायला गेले, तर राजधानीच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ते मशीनगनमध्ये मोडत होते! शेवटी त्यांना रिव्हॉल्व्हर नोंदवून समाधान मानावे लागले. न्यूयॉर्क शहराने तर सुनावणीपूर्वीच डाव मोडला. परवानाधारकाने पिस्तूल घेऊन शहरातल्या सात मैदानांखेरीज कुठे जायचे नाही, हा त्याचा नियम २०१३ पासून न्यायालयात होता. शहर खालच्या दोन्ही न्यायालयांत जिंकले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका दाखल करून घेताच शहराने नियम बदलला, राज्याने कायदा बदलला, आणि एप्रिल २०२० मध्ये खटला निष्फळ ठरून निकाली निघाला. कॅलिफोर्नियातला नॉर्डाइक खटला याहून विलक्षण. अलमेडा परगण्याने १९९९ मध्ये आपल्या जागेत बंदुका आणायला मनाई केली, त्यामुळे तिथली बंदुकांची प्रदर्शने बंद पडली. खटला चालला २०१२ पर्यंत, आणि संपला कसा? टेबलाला बांधलेल्या बंदुका दाखवायला आमची हरकत नाही, असे परगण्याच्या वकिलाने पूर्णपीठापुढे सांगितले तेव्हा. तेरा वर्षांत हा प्रश्न त्यांना आधी कोणीच विचारला नव्हता काय, असे वाटल्यावाचून राहत नाही.

विलंबवाद्यांच्या मोजणीत आणखी एक गळती आहे. ते निकाल मोजतात. निकालाशिवाय मिटलेल्या गोष्टी त्यांच्या वहीत येत नाहीत. ज्या मॉर्टन ग्रोव्हने हे सगळे सुरू केले त्याने हेलरनंतर महिन्याभरात, जुलै २००८ मध्ये, आपली बंदी आपणहून मागे घेतली. विल्मेट, इव्हॅन्स्टन या उपनगरांनीही त्याच उन्हाळ्यात माघार घेतली, तेव्हा तर हा हक्क शहरांवर लागू झालेलाही नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर २००५ मध्ये मतदारांनी कौल देऊन मंजूर केलेली पिस्तूलबंदी एक दिवसही अमलात आली नाही. तिथे दुसऱ्या दुरुस्तीचे नावही घ्यावे लागले नाही; शस्त्रपरवान्याचा विषय राज्याचा असल्याने शहराला तो अधिकारच नाही, एवढ्या मुद्द्यावर राज्याच्या न्यायालयांनी ती जानेवारी २००८ पर्यंत निकालात काढली. स्थानिक बंदी पाडण्याचा हा रस्ता घटनेच्या रस्त्याहून जवळचा आहे, पण त्यावरून जाणाऱ्याला इतिहासात नाव मिळत नाही.

मग आकसाच्या आरोपात काहीच तथ्य नाही? आहे, आणि ते टाळून खंडन पुरे होणार नाही. राजधानीत घराबाहेर शस्त्र नेण्यावरच्या बंदीविरुद्ध पामर खटला ऑगस्ट २००९ मध्ये दाखल झाला. जानेवारी २०१० मध्ये युक्तिवाद झाले, कोणताही साक्षीपुरावा व्हायचा नव्हता, फक्त निकाल लिहायचा होता. तो आला जुलै २०१४ मध्ये. मधल्या काळात खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे सोपवला गेला, आणि अशिलांना वरच्या न्यायालयात जाऊन ‘यांना निकाल द्यायला सांगा’ अशी विनवणी करावी लागली. मेरीलँडच्या रायफलबंदीविरुद्धच्या बियांची खटल्यात चौथ्या सर्किटच्या तीन न्यायाधीशांनी डिसेंबर २०२२ मध्ये युक्तिवाद ऐकले. वर्ष उलटले तरी निकाल बाहेर पडला नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये पूर्णपीठाने खटला आपल्याकडे ओढून घेतला. या दोन ठिकाणी काय झाले याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही, आणि त्या न्यायालयांनीही ते दिलेले नाही.

पण यावरून ‘दुय्यम दर्जाचा हक्क’ इथवर उडी मारणाऱ्यांनी पहिल्या दर्जाच्या हक्कांचे काय झाले तेही बघावे. शाळांतली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन निकाल मे १९५४ चा, नऊ विरुद्ध शून्य. त्या निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याचा होता. त्या परगण्याने १९५९ मध्ये सार्वजनिक शाळाच बंद केल्या आणि त्या १९६४ पर्यंत उघडल्या नाहीत. दहा वर्षे उलटली तरी दक्षिणेच्या अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर बसून शिकणारी काळी मुले शंभरात दोन-तीनच्या पुढे गेली नव्हती. गाडी हलली ती काँग्रेसने १९६४ चा नागरी हक्क कायदा करून शाळांचे पैसे अडवण्याची धमकी दिली तेव्हा. बंदूकहक्काची मिरवणूक यापुढे चक्क धावत गेली आहे. आणि त्या मुलांचा जन्मभराचा शिक्षणाचा काळ निघून जात होता, हा फरक मी मुद्दाम नोंदवतो.

२०२२ नंतरच्या संथपणाची कथा तर तक्रारदारांच्या घरातच सुरू होते. तोवर खालची न्यायालये एक ठरलेली पद्धत वापरत: नियमाने हक्काला किती धक्का बसतो आणि त्यामागचा सार्वजनिक हेतू किती वजनदार, याची तुलना. ही पद्धत सरकारला झुकते माप देते असे बंदूकहक्कवाद्यांचे म्हणणे होते, आणि ते बरेचसे खरे होते. २०२२ च्या ब्रूएन निकालात थॉमस यांनी ती मोडीत काढली. आता सरकारने दाखवायचे की असा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो. १७९१ च्या आणि १८६८ च्या आसपासचे कायदे धुंडाळायचे, दारूगोळ्याच्या साठ्यावरचे जुने निर्बंध काढायचे, लांब पात्याच्या बोवी सुऱ्यांवरचे एकोणिसाव्या शतकातले कायदे काढायचे, आणि ते आजच्या रायफलीला कितपत लागू पडतात यावर दोन्ही बाजूंच्या इतिहासकारांची प्रतिज्ञापत्रे. जे खटले निकालाच्या उंबरठ्यावर होते ते परत खाली गेले. कॅलिफोर्नियातला मोठ्या मॅगझिनवरचा डंकन खटला २०१७ चा. २०२१ मध्ये पूर्णपीठाचा निकाल झालेला, २०२२ मध्ये तो पुसून पुन्हा सुरुवात, आणि मार्च २०२५ मध्ये पूर्णपीठाने पुन्हा बंदी राखली. जून २०२४ च्या रहिमी निकालात आठ विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने त्याच कसोटीचे खिळे-मोळे थोडे सैल केले. भिन्नमत एकट्या थॉमस यांचे. कसोटीचा कर्ताच तिच्या वापराबाबत आठ सहकाऱ्यांशी सहमत नसेल, तर पियोरिया किंवा सॅन डिएगोच्या जिल्हा न्यायाधीशाने ती दोन महिन्यांत लावून दाखवावी ही अपेक्षा फाजील आहे.

शिकागोकडच्या मराठी मंडळींना नेपरव्हिल चांगले परिचयाचे. त्या शहराने ऑगस्ट २०२२ मध्ये लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या विक्रीवर बंदी घातली, पाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये इलिनॉय राज्यानेही. सातव्या सर्किटने अंतरिम मनाई नाकारली, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. त्या वेळी थॉमस यांनी खालच्या न्यायालयावर कोरडे ओढले. पण खटला अजून अंतरिम अवस्थेत आहे, आणि अशा अवस्थेतले खटले घ्यायला न्यायालय कचरते ते योग्यच, हेही त्यांनीच लिहिले. आरोपकर्त्यानेच प्रक्रियेचे कारण मान्य केले तर आकसाला किती जागा उरते?

दुसऱ्या बाजूलाही इथे खूश व्हायचे कारण नाही. याचिका नाकारली म्हणजे बंदी घटनेत बसते असे न्यायालयाने म्हटले, हा बंदीसमर्थकांचा आवडता अर्थ चुकीचा आहे. हायलंड पार्क या उपनगराने २०१३ मध्ये, राज्याच्या नव्या कायद्याने दिलेल्या दहा दिवसांच्या फटीत, अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घालून घेतली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका नाकारली आणि बंदीसमर्थकांनी ती जिंकल्यासारखी मिरवली. तसे काही ठरलेले नव्हते. ४ जुलै २०२२ रोजी त्याच गावात स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन सात माणसे गेली, आणि दोन्ही पक्षांनी ती आपापल्या युक्तिवादाला जोडली. जून २०२५ मध्ये मेरीलँडची याचिका नाकारताना ब्रेट कॅव्हानॉ यांनी स्वतंत्र टिपण जोडून सांगितले की हा प्रश्न न्यायालयाला येत्या एक-दोन सत्रांत घ्यावा लागेल. चार मते जुळली की याचिका दाखल होते. थॉमस, अलिटो आणि नील गोर्सच ही तीन तेव्हाच तयार होती. चौथ्याने थांबायचे ठरवले. तो न्यायाधीश बंदूकहक्काचा वैरी आहे असे कोणी म्हणणार नाही.

एका ठिकाणी मात्र विलंब खरोखर घडवला जातो आहे, आणि त्याबद्दल तक्रारदार फारसे बोलत नाहीत. नागरी हक्काचा खटला जिंकणाऱ्याला त्याच्या वकिलाची फी हरलेल्या सरकारकडून मिळते, असा कायदा १९७६ पासून आहे. हेलरच्या वकिलांना राजधानीकडून अकरा लाख डॉलरच्या वर रक्कम मंजूर झाली. फीची ही टांगती तलवार हेच शहरांना वेळेवर माघार घ्यायला लावणारे एकमेव रोख कारण. पण २००१ च्या बकहॅनन निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की प्रतिवादीने निकालापूर्वी आपणहून वागणूक बदलली तर फी नाही. त्या पाचांत स्कॅलिया होते, थॉमस होते. शिकागो आणि ओक पार्क यांनी मॅकडॉनल्डनंतर याच निकालाचा आधार घेऊन फी बुडवायचा प्रयत्न केला. सातव्या सर्किटने २०११ मध्ये तो हाणून पाडला, आणि तो निकाल लिहिला पुन्हा ईस्टरब्रुक यांनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. लॅकी विरुद्ध स्टिनी हा खटला व्हर्जिनियात दंड न भरल्याने वाहनपरवाना गमावलेल्या लोकांचा, बंदुकीशी त्याचा काही संबंध नाही. त्यात ठरले असे की अंतरिम मनाई मिळवली आणि मग सरकारने कायदाच रद्द केला तर अशील जिंकला असे धरायचे नाही, फी मिळणार नाही.

म्हणजे पुढची नगर परिषद अंतरिम हुकूम लागेपर्यंत बंदी चालवेल, लागला की ठराव मागे घेईल, दुसरा लिहील, आणि समोरच्या वकिलाच्या हाती एक डॉलरही पडणार नाही. सात विरुद्ध दोन असा तो निकाल. सातांत थॉमस, अलिटो आणि गोर्सच तिघेही होते. विरोधात केतांजी ब्राऊन जॅक्सन आणि सोनिया सोटोमायोर.